ऑटेकर

ऑटेकर (Autechre) ही शॉन बूथ आणि रॉब ब्राउन या इंग्लिश इलेक्ट्रॉनिक संगीतकारांची जोडी. नाव मराठी आडनावासारखे वाटते, पण त्याला अर्थ नाही. रोमन लिपीतली पहिली दोन अक्षरे तेवढी ठरवून घेतलेली, बाकीची कळफलकावर बोटे आपटून आलेली.

दोघांची गाठ १९८७ मध्ये मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये, भिंतींवर ग्राफिटी रंगवणाऱ्या पोरांत पडली. सुरुवात कॅसेटी जुळवण्यापासून झाली. टेपरेकॉर्डरचे पॉझ बटण नेमक्या क्षणी सोडून हिप-हॉप आणि इलेक्ट्रोचे तुकडे एकमेकांना जोडायचे. बोट किंचित उशिरा उठले की ठेका लंगडा. पुढे रोलँडचे टीआर-६०६ हे ठेक्याचे यंत्र आणि कॅसिओचा एसके-१ हा छोटा सॅम्पलर (ध्वनी टिपून पट्ट्यांवर वाजवणारे यंत्र) हाती आला. १९९१ मध्ये पहिली तबकडी, १९९२ मध्ये शेफील्डच्या वॉर्प कंपनीच्या 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' संकलनात दोन रचना आणि १९९३ मध्ये 'इनक्युनाबुला' हा पहिला अल्बम.

जोडीचे वळण नीट कळते ते १९९४ च्या 'अँटी ईपी' या अल्बमपेक्षा छोट्या तबकडीमध्ये. रेव्ह पार्ट्यांना, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीतावर रात्रभर नाचायच्या जमावांना, चाप लावणारे फौजदारी न्याय विधेयक तेव्हा ब्रिटिश संसदेपुढे होते. रात्री उघड्यावर १०० किंवा अधिक लोक जमून मोठ्या आवाजात संगीत वाजवत असतील आणि परिसरातल्या रहिवाशांना त्याचा गंभीर त्रास होण्यासारखा असेल, तर पोलिसांना त्यांना हटवता येणार होते. संगीतात 'एकामागून एक पुनरावृत्त ठोके' असलेले ध्वनीही मोडतात, असे कलमात खास लिहिले होते. ऑटेकरने तबकडीच्या वेष्टनावर इशारा छापला: कायदा झाल्यास यातल्या दोन रचना वाजवू नका, तिसरी, 'फ्लटर', चालेल, कारण तिचे कोणतेही दोन बार (ठेक्याची आवर्तने) सारखे नाहीत, तरी खबरदारी म्हणून वकील आणि संगीतशास्त्रज्ञ सोबत ठेवा. नफा लिबर्टी या नागरी हक्क संस्थेसाठी होता.

'फ्लटर' तबकडीच्या मिनिटाला ४५ आणि ३३ फेरे या दोन्ही गतींवर वाजवता येते. ३३ वर लय सुमारे पाव हिश्शाने उतरते आणि सूर हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या मिळून साधारण पाच पट्ट्यांनी खाली येतो. दर बारमध्ये ठोके बदलत असले तरी रचना विस्कळीत वाटत नाही, कारण लय पक्की राहते आणि वरचे लांब सूर फिरून येतात. सम हरवत नाही. कायद्यातून मात्र सुटका नव्हतीच. कलमात 'समावेश होतो' असे शब्द आहेत. म्हणजे पुनरावृत्ती नसलेले संगीतही संगीतच. विनोद चोख, बचाव कच्चा.

'ट्राय रेपिटे' (१९९५) अजून यंत्राच्या कोरड्या, ठाम आवर्तनांवर उभा आहे. नवख्याने इथूनच शिरावे. पुढे मॅक्स हे सॉफ्टवेअर आले. त्यात तयार पट्टीवर ठोके मांडायचे नसतात. मोजणी आणि अटींचे डबे तारांनी जोडून वाद्य स्वतःच बनवायचे असते. तत्त्व समजायला साधे उदाहरण पुरेल: १६ मात्रांचे एक आवर्तन आणि १५ मात्रांचे दुसरे एकत्र सोडले, तर दोघांची सम २४० मात्रांनी जुळते. सेकंदाला ८ मात्रा धरल्या तर ३० सेकंदांनी. त्यावर 'अमुक ठोका पडला तरच तमुक पडावा' अशा अटी चढवल्या की वीण दाट होते. 'कनफील्ड' (२००१) ऐकून अनेकांना वाटले की संगणक वाटेल ते वाजवतो आहे. तसे नाही. अटी सैल सोडल्या तर काही मिनिटांत सगळे सारखेच खडखडते, कान थकतो. कुठे किती सैल सोडायचे हे दोघे ठरवतात.

नंतर लांबी वाढत गेली. 'एल्सेक' (२०१६) सुमारे ४ तासांचे. २०१८ ची 'एनटीएस सेशन्स' लंडनच्या एनटीएस या रेडिओसाठी केलेली, ८ तासांची. एका बैठकीत ऐकण्याचा अट्टहास नको. लॅपटॉपच्या स्पीकरवर तर ऐकूच नये. खालचे सूर गळतात आणि नुसती खरखर उरते. २०२० मध्ये 'साइन' आणि 'प्लस' हे तुलनेने आटोपशीर अल्बम आले.

मैफलीत दिवे बंद असतात आणि दोघे अंधारात वाजवतात. २०१४ च्या दौऱ्यातली क्राकोव्ह, ब्रसेल्स, उट्रेख्ट आणि डब्लिनची ध्वनिमुद्रणे त्यांनी स्वतंत्रपणे विकली. ती शेजारी ठेवून ऐकली तर सामग्री तीच, पण वळणे दर रात्री निराळी, हे सहज लक्षात येते.