खुब्याचा सांधा बदलल्यावर पुढे काय होते? शंभर वर्षांच्या हिशेबाची पार्श्वभूमी

खुब्याचा सांधा बदलल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण वॉकर धरून चालू लागतो, टाके निघतात आणि घरी ‘ऑपरेशन यशस्वी झाले’ असा निरोप जातो. त्या दिवशी खरे तर एवढेच कळलेले असते की भूल नीट उतरली, जखम भरली आणि कृत्रिम सांधा जागेवर बसला. कमरेच्या हाडात बसवलेली वाटी झिजते का, मांडीच्या हाडात बसवलेला, वर गोळा असलेला दांडा सैल होतो का, हे कळायला पाच, दहा, वीस वर्षे जातात. तोवर सर्जनने गाव बदललेले असते, रुग्णाने डॉक्टर बदललेला असतो आणि कंपनीने मॉडेल बदललेले असते. ही वर्षे कोणीतरी चिकाटीने मोजली, म्हणून आज आपल्याला काही सांगता येते. जिथे कोणी मोजली नाहीत, तिथे किंमत रुग्णांनी मोजली.

मोजण्याचा आग्रह पहिल्यांदा धरला तो बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये असताना त्याने साधी पद्धत सुचवली. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवायचे. त्यावर तक्रार, निदान, काय केले आणि काय बिघडले हे लिहायचे, आणि वर्षभराने रुग्णाला पुन्हा बोलावून निकाल नोंदवायचा. निकाल चांगला नसेल तर का नाही, तेही लिहायचे: हात कमी पडला, निर्णय चुकला, निदान चुकले, साधने अपुरी होती, की आजारच हाताबाहेरचा होता? सहकाऱ्यांना हे रुचले नाही. तिथे बढती ज्येष्ठतेने मिळते, निकालावर मिळत नाही, या मुद्द्यावर कॉडमनने १९१४मध्ये राजीनामा दिला. तोवर त्याने स्वतःचे छोटे रुग्णालय काढलेले होते. १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांमध्ये आपल्याकडून १२३ चुका झाल्याचे त्याने छापून जाहीर केले. आजही असा अहवाल काढायला छाती लागते. रुग्णालय फार काळ चालले नाही. कॉडमन १९४० साली वारला, आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१४मध्ये.

खांद्याच्या तुटलेल्या कंडरा शिवण्याचे सुरुवातीचे काम कॉडमनच्याच नावावर आहे आणि हाडांच्या कर्करोगाची पहिली सामायिक नोंदवहीही त्यानेच सुरू केली. सांधेबदलाच्या प्रयत्नांत मात्र तेव्हा कोणी कार्डे ठेवत नव्हते. बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुकने १८९०च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवले. त्याचे रुग्ण मुख्यतः सांध्याच्या क्षयाचे होते, त्यामुळे ते सांधे पू होऊन वाया गेले. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसनने १९२३मध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर काचेची टोपी चढवली, ती फुटली. पुढे १९३८पासून त्याने कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूची टोपी वापरली, ती टिकली. पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी १९४६ साली अॅक्रिलिकचा गोळा आणला. सुरुवातीचे निकाल झकास होते, पण काही वर्षांतच गोळे झिजले, मोडले आणि सैल झाले. काही रुग्णांचा सांधा चालताना चक्क कुरकुरायचा.

ही कुरकुर इंग्लंडच्या जॉन चार्नलीने गंभीरपणे घेतली. आवाज येतो याचा अर्थ घर्षण जास्त आहे, आणि घर्षण जास्त असेल तर प्रत्येक पावलाला दांड्यावर पीळ पडतो आणि तो सैल होतो, असा त्याने विचार केला. लँकशायरमधल्या रायटिंग्टन या जुन्या क्षयरुग्णालयात बसून त्याने तीन गोष्टी एकत्र आणल्या. पहिली, धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी. दुसरी, दंतवैद्य वापरतात त्या जातीचे अॅक्रिलिक सिमेंट. ते गोंदासारखे चिकटत नाही, हाडाच्या खाचाखोचांत शिरून भार सगळीकडे वाटून देते. तिसरी, गोळ्याचा आकार. सुरुवातीला ४१.५ मिलिमीटरचा असलेला गोळा कमी करत करत त्याने २२.२२५ मिलिमीटरवर, म्हणजे इंचाच्या सात-अष्टमांशावर आणला. गोळा लहान असला की पीळ कमी पडतो आणि वाटी जाड ठेवता येते.

वाटीसाठी त्याने निवडले टेफ्लॉन, म्हणजे आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावरचे. १९५८पासून पुढच्या काही वर्षांत सुमारे ३०० खुबे या पद्धतीने झाले. रुग्ण काठ्या टाकून चालू लागले. १९६१मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नव्या शस्त्रक्रियेचा लेख आला, आणि त्यातली वाटी टेफ्लॉनचीच होती. लेख छापून येईपर्यंत खुबे बिघडू लागले होते. टेफ्लॉन निसरडे असले तरी मऊ. दोन-तीन वर्षांत गोळा वाटीत खोल रुतून बसायचा, आणि झिजलेल्या भुकटीभोवती शरीर सूज आणि दाण्यांचा लगदा तयार करायचे. तो लगदा हाड खायचा. चार्नलीने हे खुबे स्वतः पुन्हा उघडले आणि वाट्या स्वतः काढल्या. काय घडते याची खात्री करायला त्याने टेफ्लॉनचा आणि पॉलिथिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा आपल्याच मांडीत बसवून घेतला. सुमारे नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागणारी गाठ तयार झालेली होती, पॉलिथिलीनच्या जागी विशेष काही नव्हते.

हे पॉलिथिलीन मिळाले तेही योगायोगाने. यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी हा माल विकणारा एक विक्रेता १९६२च्या मे महिन्यात रायटिंग्टन रुग्णालयाच्या कार्यशाळेत आला. तिथले तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तुकडा ठेवून घेतला आणि झिजेच्या यंत्रावर लावला. टेफ्लॉनच्या तुलनेत झीज इतकी नगण्य होती की त्याच नोव्हेंबरमध्ये पॉलिथिलीनची पहिली वाटी रुग्णाला बसली. आजचा सांधेबदल धातूचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी या जोडीवर उभा आहे.

टेफ्लॉनने पोळलेला चार्नली यानंतर मात्र घाई करत नव्हता. आपल्याकडे येऊन शिकल्याशिवाय कोणाला हा सांधा विकू नये, अशी त्याची अट होती. मृत्यूनंतर सांधा तपासायला काढू द्यावा, असे तो रुग्णांना सांगायचा. जंतुसंसर्गाचे प्रमाण शंभरात सात-आठ होते. त्याने शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली उभी केली, अंगभर झाकणारे पोशाख आणले आणि ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास खाली आणले. हे सगळे त्याला जमले, कारण त्याने आकडे ठेवले होते.

दरम्यान ‘चांगला निकाल’ म्हणजे काय यावर एकमत नव्हते. एका सर्जनचा ‘उत्तम’ हा दुसऱ्याचा ‘बरा’ असे. बोस्टनच्या विल्यम हॅरिसने १९६९मध्ये १०० गुणांची मोजपट्टी मांडली, ती आजही ओपीडीत वापरली जाते. त्यात वेदनेला ४४ गुण, लंगडणे, आधार आणि चालण्याचे अंतर यांना प्रत्येकी ११. उरलेले जिने, बूट-मोजे, खुर्चीवर बसणे, सार्वजनिक वाहन, व्यंग आणि हालचाल यांत वाटले आहेत. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, पाटावरून उठणे यांना या पट्टीत जागाच नाही. आपल्याकडचा एखादा रुग्ण ९५ गुण घेऊनही देवापुढे बसता येत नाही म्हणून खट्टू असतो, आणि पट्टीच्या हिशेबात ते दिसत नाही. हा प्रश्न सोयीपुरता नाही. लहान गोळा झिजेला चांगला, पण तो वाटीतून लवकर निसटतो. खुबा नव्वद अंशांहून जास्त वाकवून पाय आत वळवला, की मागून केलेल्या शस्त्रक्रियेत सांधा निखळण्याचा धोका वाढतो, आणि बुटक्या आसनावरून उठताना नेमके तेच होते. मोठा गोळा वापरावा तर जुन्या पॉलिथिलीनची भुकटी वाढत असे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्साराने कडक केलेले पॉलिथिलीन आले आणि मग ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा गोळा निर्धास्तपणे वापरता येऊ लागला. शिवाय हॅरिसची पट्टी डॉक्टर भरतो. १९९६ साली ऑक्सफर्डच्या गटाने १२ प्रश्नांचा फॉर्म रुग्णाच्या हाती दिला आणि रुग्णाचे म्हणणे हिशेबात आले.

तरीही एका सर्जनच्या किंवा एका रुग्णालयाच्या आकड्यांना मर्यादा असते. चांगले निकाल असणारेच लेख लिहितात, आणि ज्याचा सांधा बिघडला तो दुसरीकडे जातो. यावर इलाज स्वीडनने काढला. १९७५मध्ये गुडघ्याची आणि १९७९मध्ये खुब्याची देशव्यापी नोंदवही सुरू झाली. तत्त्व अगदी साधे: कोणता सांधा, कोणते सिमेंट, कोणत्या रुग्णालयात हे नोंदवायचे, आणि तोच सांधा पुन्हा काढावा किंवा बदलावा लागला तर तेही नोंदवायचे. तिथे प्रत्येक नागरिकाला एक ओळख क्रमांक असतो, त्यामुळे रुग्ण कुठेही गेला तरी धागा तुटत नाही. रुग्णालयांना आपापले आकडे परत मिळू लागले तशी पद्धत सुधारली. हाडाची पोकळी दाबाच्या पाण्याने धुणे, खाली बूच लावणे आणि सिमेंट हाताने कोंबण्याऐवजी बंदुकीने दाबाखाली भरणे, या कामांमुळे दांडे सैल होण्याचे प्रमाण घटले.

नोंदवहीची खरी ताकद १९९०च्या दशकात नॉर्वेत दिसली. तिथली नोंदवही १९८७ची. बोनलॉक नावाचे नवे सिमेंट कमी तापते म्हणून १९९१च्या सुमारास बाजारात आले. ते कमी तापायचे खरे, पण कच्चेही होते. काही वर्षांतच ते वापरलेले दांडे इतरांपेक्षा कितीतरी पटींनी सैल होत असल्याचे आकड्यांत उमटले आणि १९९५मध्ये ते मागे घेतले गेले. इंग्लंड आणि वेल्सने मात्र एक सदोष सांधा हजारो रुग्णांना बसल्यानंतर, २००३मध्ये, नोंदवही सुरू केली.

त्याच वर्षी बाजारात आला डीप्यू कंपनीचा एएसआर खुबा. यात गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची. प्लॅस्टिक नाही म्हणजे भुकटी नाही, मोठा गोळा म्हणजे निखळण्याची भीती नाही, असा युक्तिवाद होता. वाटी मात्र पूर्ण अर्धगोलापेक्षा उथळ होती. ती थोडी उभी बसली तरी गोळा काठावर टेकायचा, मधला द्रवाचा थर तुटायचा आणि धातू धातूवर घासायचा. त्यातून सुटणारे कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात जायचे आणि सांध्याभोवतीचे स्नायू कुजायचे. अमेरिकेत जुन्या सांध्यांशी साम्य दाखवून, रुग्णांवर स्वतंत्र चाचणी न घेता, परवानगी मिळाली होती. धोका पहिल्यांदा दिसला ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत. डिसेंबर २००९मध्ये तिथून आणि ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून हा सांधा परत मागवला गेला. इंग्लंडच्या नोंदवहीनुसार पाच वर्षांत शंभरातले १२ ते १३ सांधे पुन्हा बदलावे लागले होते.

भारतात २००६पासून सुमारे ४,७०० एएसआर बसवले गेले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणात पाठपुरावा केला. केंद्राची तज्ज्ञ समिती मात्र २०१७मध्ये नेमली गेली. समितीला त्यातल्या बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. भरपाई ठरली, पण ती द्यायची कोणाला हे शोधताना नोंदींची पोकळी उघडी पडली. त्या रुग्णांपैकी किती जण आजही दुखणाऱ्या खुब्याला वयाचा दोष देत असतील, या विचाराने वाईट वाटते. २०१७च्या ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आली, कोबाल्ट-क्रोमचा पूर्ण संच ५४,७२० रुपयांवर आला. त्याचा घरोघरी गवगवा झाला. सांध्यांच्या नोंदीची तेवढी चर्चा झाली नाही. सांधेरोपण सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण त्यात माहिती देणे ऐच्छिक आहे.

एवढ्या वर्षांच्या नोंदींतून हाती काय लागले? ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदवह्या एकत्र करून २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनुसार २५ वर्षांनी खुब्याचे सुमारे ५८ टक्के आणि गुडघ्याचे सुमारे ८२ टक्के सांधे मूळचेच होते. यात ९०च्या दशकातले जुने पॉलिथिलीन आहे, हे ध्यानात ठेवावे. दुसरे असे की ‘सांधा टिकला’ याचा अर्थ इथे ‘पुन्हा बदलला नाही’ एवढाच. दुखत असूनही हृदयविकारामुळे फेरशस्त्रक्रिया टाळलेला रुग्ण यशस्वींतच मोजला जातो. गुडघाबदल झालेल्या पाचांतला एक जण पूर्ण समाधानी नसतो, ही बाब रुग्णांना थेट विचारल्यावरच पुढे आली. वयाचाही मोठा भाग आहे. सत्तरीनंतर सांधा बदललेल्याला तो बहुधा जन्मभर पुरतो. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांपैकी मात्र शंभरात सुमारे ३५ जणांना पुढे कधीतरी तो पुन्हा बदलावा लागतो, असे ब्रिटनमधले आकडे सांगतात.

कृत्रिम सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात चिकटपट्ट्या येतात. त्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. एक पट्टी रुग्णालयाच्या कागदांवर लागते. दुसरी आपल्या डिस्चार्ज कार्डावर लावून घ्यावी, तिचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवावा आणि पहिल्या वर्षाचा एक्स-रे जपून ठेवावा. दहा वर्षांनी मांडीत दुखू लागले तर डॉक्टर दांड्याभोवतीची काळी रेघ रुंदावली का हे त्या जुन्या एक्स-रेशी ताडून पाहतात. आणि सांधा बदलायची वेळ आली तर कोणत्या मापाचा गोळा त्या दांड्यावर बसेल, हे ती पट्टी सांगते. ती नसेल तर नीट घट्ट बसलेला दांडाही कधीकधी हाड फोडून काढावा लागतो.