मरी बेट

स्कॉटलंडच्या वायव्य हायलँड्समधील मरी सरोवरातले (लॉख मरी) एक लहान बेट. आयरिश संत मालरुवा याच्या प्रार्थनास्थळाची जागा म्हणून ते ओळखले जाते. सुमारे 20 किमी. लांबीच्या या सरोवरात साठाहून अधिक बेटे आहेत. मोठ्या बेटांवर पाइनची झाडे आहेत, तर ईशान्य काठाजवळचे हे बेट ओक आणि हॉली यांच्या गर्द झाडीने झाकलेले आहे.

‘मरी’ म्हटल्यावर आपल्याकडे मरीआई आठवते आणि इंग्रजी वाचकाला येशूची आई मेरी. इथे दोघींचाही संबंध नाही. मालरुवा हे गेलिक नाव बोलण्यात झिजून मुरी, मरी असे झाले. सरोवराला पूर्वी यू म्हणत. त्याच्या वरच्या टोकाच्या गावाचे नाव आजही किनलॉख्यू, म्हणजे ‘यू सरोवराचा माथा’ असेच आहे. बेटाचे नाव पुढे अख्ख्या सरोवराला चिकटले.

मालरुवाचा जन्म 642 चा. आयर्लंडमधील बँगरच्या मठातून तो 671 मध्ये स्कॉटलंडला आला आणि 673 मध्ये पश्चिम किनाऱ्यावर ॲपलक्रॉस येथे त्याने मठ स्थापन केला. 722 मध्ये, ऐंशीव्या वर्षी, तो वारला. या बेटावर तो एकांतासाठी राहत असे, असे परंपरा सांगते. त्याच्या चॅपेलचे (प्रार्थनास्थळाचे) आज फारसे काही उरलेले नाही. दगडी गडग्याने वेढलेले जुने दफनस्थान आणि त्यातल्या शेवाळलेल्या शिळा, एवढेच मुख्यतः दिसते. क्रूस कोरलेल्या दोन शिळा पायाला पाय लावून निजल्यासारख्या आहेत. त्या एका नॉर्स (व्हायकिंग) राजपुत्राच्या आणि त्याच्या पत्नीच्या समजल्या जातात. तिने प्रेमाची परीक्षा पाहायला मेल्याचे सोंग केले, त्याने खरे मानून जीव दिला आणि मग तिनेही, अशी ती दंतकथा.

बेटाची खरी ख्याती वेड बरे करण्याबद्दल होती. टॉमस पेनंट हा प्रवासी 1772 मध्ये या भागात आला, त्याने हा विधी नोंदवला आहे. रोग्याला वेदीपुढे गुडघे टेकायला लावत, मग बेटावरच्या विहिरीचे पाणी पाजत, नंतर सरोवरात तीनदा बुचकळत. आणि हे काही आठवडे रोज. पुढच्या वर्णनांत रोग्याला होडीमागे दोरीने बांधून बेटाभोवती ओढल्याचे येते. कोणी आपला पिसाळलेला कुत्रा विहिरीवर आणला आणि तिचा गुण गेला, असे लोक सांगत.

त्याहून जुनी नोंद बैलाच्या बळीची. 25 ऑगस्टला मुरीच्या नावाने बैल कापतात आणि टेकड्यांवर दूध ओततात, म्हणून डिंगवॉलच्या चर्चमंडळाने 1656 मध्ये तक्रार नोंदवली. तरी 1678 मध्ये हेक्टर मॅकेंझी आणि त्याच्या मुलांना त्याच मंडळापुढे बोलावले गेले: घरच्या क्रिस्टेन नावाच्या आजारी बाईला बरे वाटावे म्हणून त्यांनी बेटावर बैल कापला होता. संत आणि त्याआधीचा देव यांच्यातली रेघ इथे पुसली गेली होती, असा तर्क अभ्यासक करतात. तो पटण्यासारखा असला, तरी त्या जुन्या देवाचा स्वतंत्र पुरावा नाही. दप्तरातून दिसतो तो संतालाच केलेला नवस.

विहिरीशेजारच्या ओकला आधी चिंध्या आणि खिळे वाहत. पुढे खोडात नाणी ठोकण्याची रीत पडली. नाणे आडवे धरून दगडाने काठावर ठोकायचे, अर्धे आत, अर्धे बाहेर. व्हिक्टोरिया राणी सप्टेंबर 1877 मध्ये टॅलडेलच्या हॉटेलात मुक्कामी होती, तेव्हा ती बेटावर जाऊन आली. नाण्यांतल्या तांब्याच्या विषाने ते झाड वाळले, असे मानतात. नवसाने झाडच मारले, ही गोष्ट नाणी ठोकणाऱ्यांना अडवू शकली नाही. शेजारच्या खोडांतही ती रुतलेली दिसतात.

बेटावर होडीनेच जावे लागते. नैर्ऋत्य काठाने जाणाऱ्या रस्त्यावरून सरोवर आणि पलीकडचा स्लीऑख (981 मी.) हा डोंगर चांगला दिसतो. रस्त्याच्याच बाजूला बेन एय हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र (1951) आहे.