धूळ-पूर्वानुमान, उपग्रहाधारित

वाळवंटी धुळीच्या संगणकीय प्रारूपात उपग्रहांची निरीक्षणे मिसळून अंदाज सुधारण्याची पद्धत. जमिनीवरून उडणारी धूळ ढोबळमानाने वाऱ्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते; त्यामुळे वाऱ्याच्या अंदाजातली किरकोळ चूक धुळीत कितीतरी पटींनी मोठी होते. ही चूक निरीक्षणांच्या आधारे वेळोवेळी सावरावी लागते.

‘टेरा’ (१९९९) व ‘ॲक्वा’ (२००२) या उपग्रहांवरील मॉडिस उपकरणाने हवेतील कणांची प्रकाशीय जाडी (कणांमुळे प्रकाश किती अडतो याचे माप) जगभर मोजता येऊ लागली. मात्र चकाकत्या वाळूवर सुरुवातीची गणनपद्धत निकामी ठरे. निळ्या तरंगलांबीत वाळू काळसर दिसते. याचा उपयोग करणारी ‘डीप ब्लू’ पद्धत २००४ च्या सुमारास पुढे आली.

सहारातील धुळीच्या उगमांविषयी मतभेद आहेत. प्रॉस्पेरो व सहकाऱ्यांनी (२००२) टॉम्स या उपग्रहावरील ओझोनमापक उपकरणाच्या नोंदींवरून सखल खोरी आणि आटलेल्या सरोवरांचे तळ हे मुख्य उगम मानले. शेपान्स्की व सहकाऱ्यांनी (२००७) मेटिओसॅट या युरोपीय हवामान उपग्रहाची दर १५ मिनिटांची अवरक्त चित्रे वापरली. त्यांत धूळ गुलाबी दिसते आणि लोट मागे मागे शोधत उगमापर्यंत जाता येते. या चित्रांत अनेक उगम डोंगरपायथ्यांशी आढळले. रात्री जमिनीपासून काहीशे मीटरांवर वाहणारा वेगवान वारा सकाळच्या उन्हाने खाली उतरतो व धूळ उठते. टॉम्सची फेरी दुपारच्या सुमारास होई. तोवर लोट वाऱ्याबरोबर पुढे सरकलेला असे. म्हणून उगमस्थानांपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, जरी ढग व दमट हवा अवरक्त चित्रांतही धूळ झाकतात. चाडमधील बोडेले खोलगट भागाविषयी वाद नाही. तिबेस्ती व एनेदी या डोंगरांमधून घुसणारा वारा तेथील जुन्या सरोवराची पांढरी डायाटममाती (सूक्ष्म शैवालांच्या कवचांची माती) उचलतो.

युरोपीय मध्यम-पल्ला हवामान पूर्वानुमान केंद्र मॉडिसची प्रकाशीय जाडी चतुर्मितीय विचरण पद्धतीने (ठरावीक कालावधीतील निरीक्षणांशी प्रारूप जास्तीत जास्त जुळवून) प्रारूपात घेते. बार्सिलोना येथील गटाने समूह-काल्मन पद्धत (अनेक समांतर अंदाजांतील फरकावरून चूक जोखणारी) वापरली आहे. प्रकाशीय जाडी हा साऱ्या वातस्तंभाचा एकच आकडा असतो. त्यात धूर व सागरी मीठही येते, आणि धुळीचा वाटा व उंची बव्हंशी प्रारूपच ठरवते. उंचीची उणीव ‘कॅलिप्सो’ उपग्रहाच्या (२००६–२३) लेसर-नोंदींनी काहीशी भरून निघाली, पण त्यांचा पट्टा अगदी अरुंद होता.

भारतात पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या दिल्लीसाठीच्या वायुगुणवत्ता पूर्वसूचना प्रणालीत (२०१८) मॉडिसच्या नोंदी वापरल्या जातात. वायव्येकडील धूळ कोकणापर्यंतही येते. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत गाड्यांवर पांढुरकी भुकटी साचली होती.