'आइक मार्व्हल'च्या प्रणयचिंतनाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याचा लेखक डोनाल्ड ग्रँट मिचेल हा 'आइक मार्व्हल' या टोपणनावाने लिहीत असे. प्रेम, लग्न आणि नखरेल वागणे यांवरील त्याच्या मनोराज्याचा पहिला लेख १८४९ मध्ये रिचमंडच्या 'सदर्न लिटररी मेसेंजर' या मासिकात आला आणि पुढच्याच वर्षी 'रेव्हरीज ऑफ अ बॅचलर' (एका ब्रह्मचाऱ्याची मनोराज्ये) हे पुस्तक निघून ते अफाट खपले. त्या वेळी लेखक अठ्ठावीस वर्षांचा आणि अविवाहित होता.

या लोकप्रियतेचे मूळ बदलत्या विवाहपद्धतीत शोधावे लागते. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, पूर्वी मुलाचे लग्न बऱ्याच अंशी बापाकडून मिळणाऱ्या जमिनीवर अवलंबून असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही पकड सैल होत गेली आणि जोडीदार पारखण्याचे काम तरुण-तरुणींच्या अंगावर आले. अमेरिकन मुलगी लग्नापूर्वी जितकी मोकळी, तितकीच लग्नानंतर बांधलेली असते, असे फ्रेंच विचारवंत तोकव्हिल याने १८४० मध्ये नोंदवले होते. पत्नीच्या मालमत्तेवर पतीचा ताबा मानणारा कायदा न्यूयॉर्कने १८४८ मध्ये कुठे बदलायला घेतला. म्हणजे नकार देण्याची, ताटकळत ठेवण्याची सत्ता स्त्रीच्या हाती होती ती लग्न ठरेपर्यंतच. नखरेल मुलीला नावे ठेवणाऱ्या पुरुष लेखकांनी ही बाजू फारशी ध्यानात घेतली नाही, आणि मिचेलही त्याला अपवाद नाही.

त्याची खुबी मांडणीत आहे. पहिल्या लेखात लाकडाच्या शेकोटीचा धूर म्हणजे शंका, ज्वाळा म्हणजे उल्हास आणि राख म्हणजे उजाडपण. दुसऱ्या लेखात तो शहरी घरातल्या शेगडीपुढे बसतो. तिच्यातला साधा दगडी कोळसा झटकन पेटतो, तडतडतो, लखलखतो, पण टिकत नाही. त्या भडक्यात त्याला लाडिक, चंचल स्त्री दिसते. अँथ्रासाइट हा कठीण कोळसा पेटायला वेळ घेतो, मात्र एकदा धरला की त्याची धग स्थिर राहते, आणि तेच त्याच्या लेखी खरे प्रेम. पेनसिल्व्हेनियाचा हा कोळसा त्या काळात पूर्वेकडील शहरांतल्या घराघरांत नुकताच रुळला होता, त्यामुळे वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागला नाही.

मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट गावी तरुण कवयित्री एमिली डिकिन्सननेही हे पुस्तक आवडीने वाचले. मिचेलने स्वतः १८५३ मध्ये चार्ल्स्टनच्या मेरी प्रिंगल हिच्याशी लग्न केले आणि पुढे न्यू हेवनजवळच्या आपल्या शेतीविषयी पुस्तके लिहिली. वाचक मात्र जुन्या ब्रह्मचाऱ्याचीच नवी आवृत्ती मागत राहिले.