‘केदार’ क्रियापद कसं शिकावं: स्पॅनिशच्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

शब्दकोशात ‘केदार’ काढलं की अर्थांची रांगच लागते: उरणे, राहणे, असणे, होणे, ठरणे. ही यादी पाठ करू नका. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘शांत करणे’. त्यातून ‘स्थिरावणे’ आला आणि पुढे ‘काही घडून गेल्यावर मागे राहणे’. हा धागा धरलात तर बहुतेक अर्थ मराठीतूनच सुटतात. इंग्रजीचा वळसा घेतला की गाडी अडते.

आधी उच्चार. स्पेलिंगमधला (quedar) ‘यू’ मुका आहे, त्यामुळे ‘क्वेदार’ चूक. ‘द’ अगदी हलका, जीभ दातांना जेमतेम लावून. वर्तमानकाळाची रूपं नियमित आहेत: केदो, केदास, केदा, केदामोस, केदाइस, केदान. सांभाळायचं ते ‘केदो’ला. जोर ‘के’वर असेल तर वर्तमानकाळातला ‘मी’, ‘दो’वर असेल तर भूतकाळातला ‘तो’ किंवा ‘ती’. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून वहीत जोराच्या अक्षराखाली रेघ मारा.

उरणे. ‘मे केदान दिएस एउरोस’ म्हणजे माझ्याकडे दहा युरो उरलेत. कर्ता युरो आहेत, म्हणून अनेकवचनी ‘केदान’. एकच युरो असेल तर ‘मे केदा उन एउरो’. वर्गात सर्वांत जास्त होणारी चूक ‘यो केदो दिएस एउरोस’ ही. मराठीत ‘मी दहा युरो उरतो’ म्हणून पाहा, चूक लगेच कानाला खटकेल.

कपडे. ‘एस्ता कामिसा मे केदा ग्रांदे’: हा शर्ट मला मोठा होतो. इथे मराठी आणि स्पॅनिश जवळजवळ शब्दाला शब्द जुळतात. शर्ट पसंत पडला तर दुकानदाराला ‘मे ला केदो’ म्हणा, म्हणजे ‘हा घेतो मी’.

ठिकाण. ‘दोन्दे केदा ला एस्तासियोन?’ म्हणजे स्टेशन कुठे आहे? हा वापर जागच्या जागी असणाऱ्या गोष्टींसाठीच. माणूस किंवा मोबाइल कुठे आहे हे विचारताना ‘एस्तार’ वापरा.

भेट ठरवणे. स्पेनमध्ये हा वापर रोजचा आहे. ‘केदामोस आ लास सेइस?’ म्हणजे सहाला भेटायचं का? ‘एन’पुढे काय येतं ते नीट बघा. माद्रिदमध्ये ‘केदामोस एन सोल’ म्हणजे सोल चौकात भेटू. पण ‘केदामोस एन यामार’ म्हणजे फोन करायचं ठरलं. पुढे जागा आली की भेटीचं ठिकाण, क्रियापद आलं की ठरलेलं काम. मेक्सिकोत या दुसऱ्या अर्थी ‘एन’ऐवजी ‘दे’ही ऐकू येईल.

‘से’ (‘मी’साठी ‘मे’, ‘तू’साठी ‘ते’) लागल्यावर. अर्थ बदलतो, आणि इथेच खरा घोळ होतो. ‘केदे कोन आना’ म्हणजे आनाला भेटायचं ठरवलं. ‘मे केदे कोन आना’ म्हणजे आनापाशी थांबलो. एका ‘मे’चा फरक! ‘कोन’पुढे वस्तू आली तर ती स्वतःकडे ठेवणे: ‘केदेसे कोन एल काम्बियो’, सुटे पैसे राहू द्या. ‘सिन’ आलं तर संपणे: ‘मे केदे सिन बातेरिया’, माझी बॅटरी संपली. पुढे विशेषण आलं तर एखाद्या घटनेनंतरची अवस्था: ‘से केदो सोर्दो’, तो बहिरा झाला, ‘मे केदे दोर्मिदो’, मला झोप लागली. लाजून लाल होण्यासारख्या क्षणिक बदलाला मात्र ‘पोनेर्से’.

लॅटिन अमेरिकेत नेहमी ऐकू येणारं ‘से मे केदो एल पाराग्वास एन कासा’ आमच्या विशेष आवडीचं. ‘माझी छत्री घरीच राहिली.’ विसरलो मी, पण वाक्यात कर्ता छत्री, दोन्ही भाषांत.

सरावासाठी रोज पाच वाक्यं पुरेत. प्रत्येक वाक्यात याच क्रमाने तपासा: ‘मे, ते, से’ आहे का, कर्ता कोण, क्रियापदामागून ‘कोन, एन, सिन’ यांपैकी काय आलं. पहिला आठवडा फक्त ‘मे केदा’ आणि ‘मे केदान’; ते तोंडात बसल्याशिवाय ‘से’ला हात लावू नका.