गुलमर्गला निघण्याआधी: स्कीच्या बुटात नडगी सोलू नये, फोड येऊ नयेत म्हणून

आमच्याबरोबर स्की शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक आम्ही महिनाभर आधी देतो, कारण यातली निम्मी कामं घरीच करायची आहेत. पहिल्यांदा येणाऱ्यांना भीती असते ती पडण्याची. प्रत्यक्षात बर्फावरचे दिवस वाया जातात ते बहुतेक वेळा पायांमुळे. नडगीची कातडी सोलवटते, टाचेला किंवा घोट्याला पाण्याचा फोड येतो आणि तिसऱ्या दिवशी माणूस खोलीत बुखारीशेजारी, म्हणजे काश्मिरी शेगडीशेजारी, बसून राहतो. एवढी रजा टाकून, एवढा खर्च करून गेल्यावर ही वेळ तुमच्यावर येऊ नये असं आम्हांला मनापासून वाटतं. आणि थोडी तयारी केली तर ती सहसा येतही नाही.

ऐसपैस बुटाचा मोह सोडा

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना एक सवय असते आणि ती तिथे योग्यच आहे. ट्रेकचा बूट अर्धा-एक नंबर मोठा घ्यायचा, म्हणजे राजगड-तोरण्याच्या उतारावर बोटं पुढे ठेचत नाहीत. थंडीचे दिवस असतील तर आत दोन मोजे. हीच सवय घेऊन मंडळी गुलमर्गच्या दुकानात स्कीचा बूट घालून बघतात, बोटं पुढे टेकली की ‘एक नंबर मोठा दाखवा’ म्हणतात, आणि दुकानदार दाखवतोही. मोठा बूट दुकानात छान वाटतो. बर्फावर तासा-दोन तासांत तो चावायला लागतो.

स्कीच्या बुटाचं बाहेरचं कवच कडक प्लास्टिकचं असतं, आत फोमचा मऊ बूट असतो, त्याला लायनर म्हणतात. कवच पायाप्रमाणे आकार बदलत नाही. बूट मोठा असला की पाय आत पुढे-मागे सरकतो आणि प्रत्येक वळणाला टाच उचलली जाते. टाच उचलली की नडगी बुटाच्या जिभेवर वर-खाली घासते. पोटरीला मांसाची गादी आहे, नडगीला नाही. तिथे कातडीखाली लगेच हाड आहे. त्यामुळे आधी लालसर पट्टा उमटतो, मग चुरचुर सुरू होते आणि संध्याकाळी मोजा काढताना साल निघालेली दिसते. टाचेवरचा आणि घोट्याच्या हाडावरचा फोडही असाच येतो. कातडीचा वरचा थर मोज्याबरोबर एकीकडे ओढला जातो, आतलं हाड दुसरीकडे सरकतं, मधले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. घामाने ओली झालेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर फाटते.

सैल बुटावर लोक उपाय म्हणून बक्कल करकचून आवळतात. टाच तरीही सरकतेच, वर पायाचा रक्तपुरवठा दबतो, बोटं बधिर होतात आणि थंडी जास्त वाजते. म्हणून आमचा आग्रह एकच असतो: बूट योग्य मापाचा, म्हणजे तुम्हांला वाटतो त्यापेक्षा लहान.

माप घरीच घ्या

स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. त्या मापाला मॉन्डोपॉइंट म्हणतात. बाटाचा सात किंवा आठ नंबर इथे कामाचा नाही. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा. वजन त्या पायावर असू द्या. सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलची रेघ मारा आणि भिंतीपासून मोजा. दोन्ही पाय मोजा. दोन्हींत थोडा फरक असणं अगदी सामान्य आहे. समजा २६.३ आलं, तर २६.५ पासून बघायला सुरुवात करा. बहुतेक कंपन्यांमध्ये २६ आणि २६.५ चं कवच एकच असतं, त्यामुळे त्या अर्ध्या नंबरावरून दुकानात वाद घालू नका. २७.५ मात्र वेगळंच, मोठं कवच आहे.

चवडा रुंद असेल तर तेही आम्हांला कळवा. बूट चवड्याशी साधारण ९८ ते १०४ मिलिमीटर रुंदीचे मिळतात. रुंद पायाच्या माणसाला अरुंद बूट टोचला की तो लांबीला मोठा बूट मागतो, आणि तिथून टाच सरकायला लागते. त्याला हवा असतो त्याच लांबीचा रुंद बूट.

दुकानात काय बघायचं

सर्वांत खात्रीची चाचणी कवचाची. लायनर बाहेर काढा, मोजा घातलेला पाय रिकाम्या कवचात घाला आणि बोटं पुढे हलकी टेकेपर्यंत सरकवा. आता टाचेमागे किती जागा उरली ते बघा. दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक-दीड बोट, ठीक आहे. तीन बोटं जात असतील तर तो बूट परत द्या, कितीही आरामशीर वाटला तरी. भाड्याच्या बुटात हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण अनेक पायांनी दाबून दाबून त्यांचा फोम आधीच बसलेला असतो. आत दिसते त्याहून जास्त मोकळी जागा होते.

मग लायनर परत घालून बूट चढवा आणि टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवा. ताठ उभे राहिल्यावर बोटं पुढे टेकतील. इथेच नवखे लोक बूट काढतात. काढू नका. बक्कल लावा, गुडघे पुढे वाकवा, नडगी जिभेवर टेकू द्या. टाच मागच्या खोबणीत जाते आणि बोटं पुढच्या टोकापासून सुटतात. स्की करताना तुम्ही याच स्थितीत असता, ताठ उभे नसता. वाकल्यावरही बोटं दुमडलेली राहत असतील तर बूट खरंच लहान आहे. घोट्याच्या हाडावर एखाद्या ठिकाणी टोचत असेल तर तेही सांगा, कारण तो टोच बर्फावर कमी होत नाही. दुकानात किमान दहा मिनिटं बूट घालून उभे राहा. मागे रांग असली तरी.

आपल्याकडे बऱ्याच जणांच्या नडग्या बारीक असतात. वरचं बक्कल शेवटच्या दातात अडकवूनही नडगी आणि जीभ यांच्यामध्ये फट राहते. यावर दोन उपाय आहेत. अनेक बुटांत बक्कलाची दांडी स्क्रूसारखी फिरवून आखूड करता येते. तेवढ्याने भागलं नाही तर पोटरीमागे प्लास्टिकची किंवा फोमची पट्टी बसवतात. दुकानात मागा, नाहीतर आमच्या प्रशिक्षकांना सांगा. बायकांच्या बाबतीत अडचण बहुधा उलटी असते. पोटरीचा फुगीर भाग खालपर्यंत येतो, बुटाची वरची कड त्यात रुतते आणि नडगीवर दाब वाढतो. त्यांच्यासाठी कमी उंचीच्या वरच्या भागाचे बूट मिळतात, ते आवर्जून मागावेत.

मोजा एकच, आणि पातळ

हे वाचून घरी कोणीतरी नाराज होणार, याची आम्हांला कल्पना आहे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी पारा शून्याच्या बराच खाली असतो, आणि आई किंवा मावशीने विणलेले लोकरी मोजे बॅगेत असतातच. ते खोलीत घाला. स्कीच्या बुटात एकच मोजा: गुडघ्यापर्यंत येणारा, पातळ, मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक, पायाला घट्ट बसणारा. सुती मोजा नकोच. तो घाम धरून ठेवतो, त्याने पाय गारही पडतो आणि फोडही येतो. दोन मोजे घातले की ते एकमेकांवर सरकतात आणि कुठेतरी घडी पडते. पाय ऊब धरतो तो मोकळं वाहणारं रक्त आणि कोरडी कातडी यांमुळे. जाड मोजा बुटात कोंबला की दोन्ही जातात.

सकाळी बूट चढवताना एक गोष्ट हाताने तपासा. थर्मल पँटची कड नेमकी कुठे आहे? बूट काढल्यावर आम्हांला नडगीवर सर्वांत जास्त वेळा दिसतो तो आडवा लाल वळ, आणि तो बुटाच्या जिभेचा नसतो, थर्मलच्या शिवणीचा असतो. थर्मल मोज्याच्या आत खोचलेली असते आणि तिची जाड शिवण दिवसभर हाडावर दाबली जाते. थर्मल बुटाच्या वरच्या कडेच्याही वर, गुडघ्याखाली संपली पाहिजे. पाऊण लांबीची मिळाली तर उत्तम, नाहीतर थर्मलचे पाय वर दुमडून घ्या. स्की पँटच्या पायांत आतून असलेला लवचीक घेर बुटाच्या बाहेरून खाली ओढायचा, आत कोंबायचा नाही. नडगी आणि जीभ यांच्यामध्ये मोज्याखेरीज काहीही असता कामा नये. स्की पास नाही, रुमाल नाही, हाताने चाचपून न लागणारी चुणीसुद्धा नाही.

बूट चढवणं

रात्री बूट जीपमध्ये किंवा हॉटेलच्या व्हरांड्यात ठेवू नका. गारठलेलं प्लास्टिक दगडासारखं कडक होतं आणि पाय आत जाता जात नाही. खोलीत ठेवा. सकाळी सगळी बक्कलं आणि वरचा वेल्क्रोचा पट्टा सोडा, जीभ बाहेर आणि थोडी बाजूला ओढा, पाय घाला, टाच आपटून मागे बसवा. मग गुडघा वाकवून आधी घोट्यावरचं, म्हणजे वरून तिसरं बक्कल हलकं लावा. तेच टाच धरून ठेवतं. नंतर वरची दोन. बोटांवरचं बक्कल फक्त अडकवण्यापुरतं, त्याने पाय धरायचा नसतो. शेवटी पट्टा. एक-दोन फेऱ्यांनंतर फोम गरम होऊन बसतो, तेव्हा एक-एक दात पुढे घ्या. चहाला थांबलात किंवा गोंडोल्यात, म्हणजे रोपवेच्या डब्यात, बसलात की वरची बक्कलं सैल करा.

नवशिक्यांना पहिले दिवस उतार चढावा लागतो तो बहुतेक स्वतःच्या पायांनी, आडव्या पावलांनी. नडगीचं बरंच नुकसान उतरताना नाही, या चढताना आणि हॉटेलपासून उतारापर्यंत चालताना होतं. चालताना वरची बक्कलं आणि पट्टा सोडा, बुटाला चालण्याची कळ असेल तर ती उघडा, आणि उतरण्याआधी न विसरता परत बंद करा.

मागे झुकू नका

नडगीच्या दुखण्याचं एक कारण बुटात नसून उभं राहण्यात असतं. उतार दिसला की घाबरून माणूस मागे बसतो. मग नडगी जिभेपासून सुटते आणि प्रत्येक उंचवट्याला परत येऊन तिच्यावर आपटते. असं दिवसभर झालं की हाडावरचं आवरण सुजतं, बोट लावलं तरी कळ येते. बोटांची नखंही काळीनिळी पडतात, कारण मागे झुकल्यावर बोटं पुढे ठोकली जातात. नडगी सतत, एकसारख्या हलक्या दाबाने जिभेला टेकलेली हवी. प्रशिक्षक दिवसभर ‘गुडघे पुढे’ ओरडतात ते याचसाठी. शरीराचं वजन मागे गेलेलं असताना कितीही भारी जेल पॅड लावलात तरी उपयोग होत नाही.

चुरचुरलं की थांबा

फोड येण्याआधी त्या जागी गरम लागतं, चुरचुरतं. तेव्हाच थांबा, बूट काढा, बघा. गटाला उशीर होईल या संकोचाने कोणी गप्प बसू नये. आमचे प्रशिक्षक यासाठी थांबतात.

जागा कोरडी करून त्यावर झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी लावा. केमिस्टकडे मिळते. कोपरे गोल कापा म्हणजे मोज्यात अडकून सुटत नाहीत, आणि पट्टीला सुरकुती राहू देऊ नका. टाचेला नेहमीच फोड येत असतील तर ती सकाळीच लावून ठेवा. व्हॅसलिनचा आम्ही सल्ला देत नाही. सुरुवातीला घर्षण कमी होतं, पण कातडी मऊ पडते आणि नंतर पट्टी चिकटत नाही. नडगीला जेलचं किंवा फोमचं पातळ पॅड चालतं, फक्त ते जागचं हलता कामा नये आणि त्याची कड हाडावर येऊ नये.

फोड आलाच तर लहान, न दुखणारा फोड तसाच ठेवून वरून झाकावा. त्यावर थेट चिकटपट्टी नको, काढताना साल येते. मधे भोक असलेली फोमची गोल गादी भोवती लावली की दाब बाजूला जातो. मोठा, तटतटलेला फोड आमच्या प्रथमोपचाराच्या माणसाला दाखवा. तो जागा आणि सुई निर्जंतुक करून कडेने पाणी काढेल, पण वरची साल काढणार नाही, तीच सर्वांत चांगलं आवरण आहे. सोललेल्या जागी हायड्रोकोलॉइड पट्टी (जखमेवर लावायची जेलसारखी मऊ पट्टी) दोन-तीन दिवस राहू देता येते.

प्रवासाला निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखं सरळ कापा. नडगीवर आदल्या दिवशी वस्तरा फिरवू नका.

रोज संध्याकाळी लायनर बाहेर काढून वाळवा. काढता येत नसेल तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपण्यापूर्वी एकदा बदला. बुखारीला टेकवून किंवा आत कांगडी (निखाऱ्यांचं छोटं मडकं) ठेवून वाळवू नका. फोम आकसतो, कधी जळतो, आणि भाड्याच्या बुटाची भरपाई तुम्हांला द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी मोजा स्वच्छ आणि कोरडा हवा, म्हणून तीन जोड तरी आणा.

मधुमेह असेल, पायाची संवेदना कमी झाली असेल किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवा आणि नोंदणी अर्जात लिहा. अशा व्यक्तींचे फोड आम्ही कधीही फोडत नाही. फोडाभोवतीची लाली पसरत गेली, पू झाला, ताप आला, किंवा बूट काढून तासभर झाला तरी नडगी टणक राहून वेदना वाढतच राहिली, पाऊल बधिर झालं किंवा बोट पांढरंफटक पडलं, तर रात्र असली तरी आमच्या गटप्रमुखाला उठवा. खालच्या टनमर्ग गावापर्यंत किंवा श्रीनगरला नेण्याची गाडी आम्ही बघतो.

पायाची दोन्ही मापं, चवड्याची रुंदी आणि पूर्वी कुठे फोड येत असत ते सोबतच्या अर्जात भरून द्या. त्यावरून तुमचे दोन-तीन नंबरचे बूट आम्ही तिथे आधीच बाजूला काढून ठेवायला सांगतो.