पहिलं बाळंतपण आणि भीती : आमच्या प्रसूतीपूर्व वर्गाविषयी

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमच्या वर्गाला आलात म्हणून बाळंतपण दुखणारच नाही किंवा सिझर टळेलच, अशी हमी आम्ही देत नाही. कुणी देत असेल तर जरा सांभाळून. बाळंतपण कसं होईल हे बाळाची स्थिती, तुमची तब्येत आणि ऐनवेळी उद्भवणाऱ्या अनेक गोष्टींवर ठरतं. त्यातल्या फार थोड्या आपल्या हातात असतात. आमचं काम भीतीपुरतं आहे.

पहिलटकरणीला भीती वाटली की घरातले म्हणतात, “काही होत नाही गं, सगळ्याच बायका बाळंत होतात.” म्हणतात ते मायेनं, पण त्यानं भीती जात नाही, फक्त बोलायची बंद होते. म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही प्रत्येकीला कोरा कागद देतो आणि भीती कशाची वाटते ते सुटं सुटं लिहायला सांगतो. कळा सोसवतील का? टाके किती पडतील? दवाखान्यात वेळेवर पोचू ना? सगळ्यांसमोर ओरडले तर? बाळाला काही झालं तर? मला न विचारताच सगळं ठरवलं तर? कागदावर उतरलं की लक्षात येतं, ही एक भीती नव्हेच. काही प्रश्न माहिती मिळाली की सुटतात, काही सरावानं हलके होतात, काही थेट तुमच्या डॉक्टरांना विचारायचे असतात. उरलेल्यांसाठी वेगळी मदत लागते. तिच्याविषयी पुढे लिहिलं आहे.

भीतीचा कळांशी काय संबंध?

ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांनी 1933 मध्ये मांडलं होतं की भीतीनं शरीर आखडतं, आखडलेल्या शरीराला जास्त दुखतं आणि दुखलं की भीती आणखी वाढते. यातला गाभा आजही पटतो. घाबरल्यावर शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि गर्भाशयाच्या कळा चालू ठेवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात ते अडथळा आणू शकतं. शिवाय जबडा, खांदे आणि मांड्या घट्ट होतात, श्वास वरवरचा होतो आणि बाई लवकर थकते. मात्र भीती गेली की वेदनाही जवळजवळ जातील, हा त्यांचा सूर आम्हाला मान्य नाही. न घाबरणाऱ्या बाईलाही कळा दुखतात. तेव्हा कळा असह्य झाल्या तर ‘आपण मनानं कच्च्या’ असं स्वतःला लावून घेऊ नका.

श्वासाचं तंत्र याच्या थोडं नंतरचं. फ्रेंच डॉक्टर फर्नांड लामाझ यांनी 1951 मध्ये सोव्हिएत संघात ते पाहिलं आणि पॅरिसमध्ये सुरू केलं. जलद श्वासाचे त्यातले जुने प्रकार आम्ही शिकवत नाही, त्यानं चक्कर येऊ शकते. सावकाश श्वास आणि त्याहून लांब उच्छ्वास, एवढंच पुरतं.

कळा सुरू झाल्यावर काय होतं?

यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घेतो, कारण ऐकीव गोष्टींचा गोंधळ इथेच असतो. “मी दोन दिवस कळा देत होते” हे वाक्य ऐकून कितीतरी जणी हादरलेल्या असतात. त्या दोन दिवसांतला बराचसा काळ बहुधा सुरुवातीच्या टप्प्याचा असतो. या टप्प्यात गर्भाशयाचं तोंड मऊ होतं, पातळ होतं आणि हळूहळू उघडू लागतं. कळा येतात, थांबतात, पुन्हा येतात. याला किती वेळ लागावा याचं ठरलेलं गणित नाही. पाणी गेलेलं नसेल, रक्त जात नसेल आणि डॉक्टरांनी लगेच यायला सांगितलं नसेल, तर हा वेळ बहुतेक जणींना घरीच काढता येतो. फिरावं, खावं, पडून राहावं आणि जमलं तर झोपावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यावर सक्रिय टप्पा सुरू होतो. 10 सेंटिमीटर म्हणजे पूर्ण उघडलं. पहिल्या खेपेला सक्रिय टप्पा साधारणपणे 12 तासांच्या पुढे जात नाही आणि त्यानंतरचा जोर लावण्याचा टप्पा बहुधा 3 तासांत संपतो. ‘तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे’ हा जुना हिशेब याच सूचनांनी सरसकट लावू नये म्हणून सांगितलं आहे. तेव्हा कुणी तपासून “अजून तेवढंच आहे” म्हटलं, तर लगेच धीर सोडू नका. तुम्ही आणि बाळ ठीक आहात ना, हे आधी विचारा.

आणखी एक हिशेब वर्गात करून दाखवतो. दर 4 मिनिटांनी 1 मिनिटाची कळ येत असेल, तर तासातली 15 मिनिटं कळांची आणि 45 मिनिटं मधल्या विसाव्याची. पुढे कळा लांबतात, अंतर दोन-तीन मिनिटांवर येतं आणि हा हिशेब पुष्कळ बिघडतो, तेही लपवत नाही. पण कळ चढते, शिगेला पोचते आणि उतरते, तिला शेवट असतो, हे आधीच ठाऊक असलेली बाई मधल्या वेळेत अंग सैल सोडू शकते.

याचा सराव बर्फावर करतो. मुठीत बर्फाचा खडा, समोर घड्याळ, एक मिनिट. पहिल्यांदा नुसतं सोसायचं. दुसऱ्यांदा लांब उच्छ्वास सोडत, खांदे आणि जबडा सैल ठेवून. बर्फ म्हणजे कळ नव्हे, हे आम्हालाही कळतं. पण दुखत असतानाही श्वास आपल्या ताब्यात राहू शकतो, हे हाताला पटतं. मग उभं राहून पुढे वाकणं, ओणवं होणं, मोठ्या चेंडूवर बसून कंबर हलवणं आणि कुशीवर पडणं यांची सवय करून घेतो. व्यायामाआधी डॉक्टरांची परवानगी मात्र हवीच.

टाके, एपिड्युरल, सिझर

पहिल्या बाळंतपणात थोडंफार फाटणं नेहमीचं असतं आणि बरंचसं नीट भरून येतं. बाळ बाहेर येताना योनिमार्गाच्या तोंडाशी प्रत्येकीला सरसकट चीर द्यावी असं आता मानलं जात नाही. तुमच्या दवाखान्यात काय पद्धत आहे ते आधीच विचारून ठेवा.

एपिड्युरल म्हणजे कळांचं दुखणं कमी करण्यासाठी कमरेत बधिरतेचं औषध देणं. त्याबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकायला मिळतात. औषध मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली, कमरेत बारीक नळीतून देतात. वेदना कमी करायला याच्याइतका परिणामकारक दुसरा उपाय नाही. रक्तदाब उतरणं, पाय जड होणं आणि जोर लावायचा टप्पा लांबणं हे होऊ शकतं, क्वचित नंतर डोकं खूप दुखतं. कायमची कंबरदुखी मात्र त्याच्या माथी मारू नये. घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. घेतलं म्हणजे हरलात असं आमच्या वर्गात कुणी म्हणणार नाही.

सिझरची माहितीही देतो. तेव्हा बहुधा कमरेखालचा भाग बधिर करतात, तुम्ही जाग्या असता, ओढाताण जाणवते पण दुखत नाही. घाईत निर्णय घ्यायची वेळ आली तर तीन प्रश्न पाठ ठेवा : हे आत्ता का हवं? थोडं थांबलो तर काय होईल? दुसरा काही मार्ग आहे का?

सोबत कुणाची?

कळांच्या वेळी सतत कुणी जवळ असणाऱ्या बायकांचं बाळंतपण सरासरीनं लवकर होतं आणि सिझरचं प्रमाणही काहीसं कमी राहतं, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. नवरा, आई, सासू, बहीण, मैत्रीण, जिच्यापुढे तुम्हाला संकोच वाटत नाही अशी कुणीही चालेल. सोबत्यासाठी आमचं वेगळं सत्र असतं. कंबर कुठे दाबायची, पाणी केव्हा पुढे करायचं आणि गप्प केव्हा बसायचं, हे तिथे शिकवतो. घाबरलेला नवरा हाही तिथलाच विषय. प्रसूतिकक्षात कुणाला येऊ देतात का, हे दवाखान्यात आधीच विचारून ठेवा.

वर्ग पुरत नाही तेव्हा

बाळंतपणाच्या विचारानं झोप उडते, वाईट स्वप्नं पडतात, तपासणीला जाणं टाळावंसं वाटतं, धडधडून घाम फुटतो किंवा पूर्वी अंगावर झालेल्या जबरदस्तीची आठवण वर येते, असं होत असेल तर ही नेहमीची धाकधूक नाही. तीव्र भीतीला वैद्यकात टोकोफोबिया म्हणतात. ती मोजायला 33 प्रश्नांची एक प्रश्नावलीही वापरतात. अशा वेळी डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा आणि समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. हे काम आमच्या आवाक्यातलं नाही. उपचार चालू ठेवून वर्गाला यायला हरकत नाही.

नाव नोंदवताना

सातव्या महिन्याच्या सुरुवातीला आलात तर सरावाला पुरेसा वेळ मिळतो. उशीर झाला असेल तरी या, आपण कळा आणि श्वास यांवर भर देऊ. तपासणीची फाइल आणि सैल कपडे एवढंच आणा. पहिल्या दिवशीचा कागद कुणाला दाखवायचा नसेल तर दाखवू नका.

रक्त जाणं, 37 आठवड्यांच्या आत नियमित कळा किंवा पाणी जाणं, हिरवट पाणी, बाळाची हालचाल कमी वाटणं, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, ताप किंवा फिट : यातलं काहीही झालं तर वर्गाच्या दिवसाची वाट पाहू नका आणि आधी आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका. थेट दवाखाना गाठा. बुडालेलं सत्र नंतर भरून देऊ.